कोणती नरसी, कोणता नामा? : बी.ए.च्या इतिहासाची प्रस्तावना

हिंगोलीहून पंधरा-वीस किलोमीटरवर, कयाधूच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. पंढरीची आषाढी उरकून वारकरी माघारी आले की आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे परतवारीला, इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत नामदेव महाराज कुठले, असा प्रश्न कुणाला पडत नाही. पडण्याचे कारणही नाही. तो पडतो बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इतिहास घेतलेल्या एखाद्या मुलीला, आणि तोही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुने पुस्तक हाती लागले तरच. कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक पुस्तकांत नामदेवांची नरसी-बामणी सातारा जिल्ह्यात, कराडजवळ दाखवलेली आहे. काहींनी तर नामदेवांचा जन्म थेट पंढरपुरातच झाला असे म्हटले आहे.

आपल्या गावचे नामदेव पुस्तकात कराडचे निघाले की पुस्तक आपटून बंद करता येते. किंवा लिहिणाऱ्याने हे कशावरून लिहिले, ते शोधायला लागता येते. पदवीच्या तीन-चार वर्षांत इतिहास विभागाला जे खरोखर शिकवता येते, त्यातले बरेचसे या शोधात आहे. पुढची पाने शोधायला निघणाऱ्यांसाठी.

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला लहान जिल्हा. हिंगोलीत आदर्श आणि शिवाजी, सेनगावात तोष्णीवाल, औंढ्यात नागनाथ, वसमतला मुक्तिसंग्रामातले हुतात्मा बहिर्जी यांच्या नावाचे महाविद्यालय. ही सगळी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली. मुले-मुली एसटीने अप-डाऊन करतात. सोयाबीन काढणीला आले की वर्गातले बाक रिकामे होतात आणि हळद निघण्याच्या दिवसांतही फार वेगळे चित्र नसते. शिकवणाऱ्यांतले बरेच जण तासिका तत्त्वावरचे. त्यांना स्वतःलाच पुढच्या वर्षाची खात्री नसते.

इतिहास हा विषय निवडला कसा जातो, याबद्दलही भाबडेपणा नको. सायन्सला जायचे नव्हते किंवा जाता आले नाही, इंग्रजीची धास्ती होती, आणि गल्लीतला अभ्यासिकेत बसणारा दादा म्हणाला, "इतिहास घे, एमपीएससीला कामी येतो." एवढ्यावर ऐच्छिक विषयाचा रकाना भरला जातो. यात वाईट काही नाही. पोटापाण्याचा हिशेब मांडून विषय घेणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही. अडचण पुढे येते. प्रश्नपत्रिका अष्टप्रधान मंडळाची माहिती मागते, १८५७ च्या उठावाची कारणे मागते. गाइडमध्ये ती मुद्देसूद छापलेली असतात. मुले पाठ करतात, उत्तीर्ण होतात. तीन वर्षांत अनेकांनी एकदाही मूळ कागद पाहिलेला नसतो. पोहणे शिकवण्यासाठी तीन वर्षे फळ्यावर विहीर काढून दाखवावी, तसा हा प्रकार आहे.

आणि गंमत अशी की या जिल्ह्यात विहीर अंगणातच आहे.

नामदेवांचेच घ्या. वारकरी परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० चा, आणि समाधी १३५० ची, पंढरपूरच्या महाद्वारात. ज्ञानेश्वरांचे ते समकालीन आणि सोबती. ज्ञानेश्वरांच्या आयुष्याविषयी आपण जे सांगतो, त्यातले कितीतरी नामदेवांच्या नावावरच्या आदी, तीर्थावळी आणि समाधी या अभंगमालांतून आलेले आहे. इथवर सगळे सरळ दिसते. मग १९१३ साली रा. गो. भांडारकरांचा वैष्णव आणि शैव पंथांवरचा इंग्रजी ग्रंथ आला. त्यांनी शंका काढली ती साधीच होती. नामदेवांची मराठी ज्ञानेश्वरांच्या मराठीपेक्षा उघडउघड अर्वाचीन वाटते. दोघे एकाच काळातले असतील तर एकाची भाषा एवढी जुनी आणि दुसऱ्याची एवढी नवी का? या आणि आणखी काही कारणांवरून त्यांनी नामदेवांना ज्ञानेश्वरांनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी बसवले.

यावर रा. द. रानडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दिलेले उत्तरही तितकेच साधे होते. ज्ञानेश्वरी लिहिली गेली, पोथीत राहिली. नामदेवांचे अभंग कीर्तनात राहिले. शेकडो वर्षे हजारो तोंडांतून फिरलेला अभंग गाणाऱ्याच्या काळाची भाषा उचलतो. तेव्हा भाषा नवी आहे एवढ्यावरून माणूस नवा ठरत नाही.

कुणाचे बरोबर, हे इथे सांगून टाकले तर पुन्हा गाइडच होईल. पण बी.ए.च्या मुलीने या वादात काय करावे, ते सांगता येते. तिने तेराव्या शतकातली अशी मराठी शोधावी जी तोंडोतोंडी बदलू शकत नाही. ती दगडावर आहे. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळातला; विठ्ठलाच्या देवळाला कुणी काय दिले याच्या नोंदी त्यात आहेत. परंपरेची तिथी धरली तर तो कोरला जात होता तेव्हा नामदेव तीन ते सात वर्षांचे होते. शं. गो. तुळपुळ्यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हे १९६३ चे पुस्तक असे लेख एकत्र देते. शिलालेखाची भाषा, ज्ञानेश्वरीची भाषा आणि गाथेची भाषा समोरासमोर ठेवून बसले की भांडारकर काय म्हणत होते ते कानाला कळते. त्यांच्या म्हणण्यातली कच्ची बाजूही कळते.

ग्यानबाची मेख पुढे आहे. शासनाने १९७० साली काढलेल्या नामदेव गाथेत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. ते सगळे एका माणसाचे असणे कठीण. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी होऊन गेले, त्यांनी महाभारत मराठीत आणले. त्यांच्याही अभंगांत 'नामा म्हणे' येते. आणखीही नामे झाले. कीर्तनकाराला त्यांच्यात भेद करायची गरज नव्हती, वहीत उतरवून घेणाऱ्यालाही नव्हती. नामदेवांच्या मराठी अभंगांची हाती असलेली जुन्यात जुनी हस्तलिखिते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतच मागे जातात. तिकडे पंजाबात गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. म्हणजे महाराष्ट्रातल्या संताचा लिखित पुरावा महाराष्ट्रात आणि पंजाबात जवळपास एकाच सुमाराला मिळू लागतो, आणि दोन्हीकडे माणूस जाऊन दोन-अडीच शतके झालेली असतात. मराठी परंपरा त्यांना शिंपी म्हणते, उत्तरेकडची छीपा, म्हणजे कापडावर छाप मारणारे, म्हणते. मराठी परंपरा समाधी पंढरपुरात दाखवते, तर गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानचे लोक आपल्या गावात दाखवतात. त्या घुमानला २०१५ साली सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अनेक मराठी वाचकांनी गावाचे नाव पहिल्यांदा ऐकले. नरसीच्या माणसाला मात्र ते नवे नव्हते. पंजाबी भाविक नरसीला येतात, आणि हजूरसाहिब गुरुद्वाऱ्याचे नांदेड इथून फार लांब नाही.

यात एक कथा अशी आहे की तिच्यासाठी नरसीहून उठून औंढ्याला जायलाच हवे. नामदेव नागनाथाच्या देवळात कीर्तनाला उभे राहिले, जातीवरून त्यांना तिथून हटवले, ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. पुरावा म्हणून आजही नंदी दाखवतात. शंकराच्या देवळात तो समोर असतो, औंढ्यात मागच्या अंगाला आहे. देऊळ फिरल्याची ही कथा आदिग्रंथातल्या नामदेवांच्या पदातही आहे, जातीवरून झालेल्या अपमानासकट. पदात औंढ्याचे नाव मात्र नाही. ती औंढ्याची कशी आणि केव्हा झाली, की औंढ्याहूनच तिकडे गेली? या प्रश्नावर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक सुंदर प्रकल्प होईल.

औंढ्याला गेल्यावर कथा क्षणभर बाजूला ठेवून देवळाभोवती सावकाश एक फेरी मारावी. खालचा भाग घडीव दगडाचा, कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाणारा, मूर्तींच्या थरांनी भरलेला. बऱ्याच मूर्तींची नाके आणि हात गेलेले. मान वर केली की दगड एकाएकी संपतो आणि निराळ्या घडणीचे, विटा-चुन्याचे साधे काम सुरू होते. एवढे डोळ्यांनी दिसते. खालचे काम यादवकालीन शैलीचे आणि वरचे फार नंतरचे, हे त्या शैलींची इतरत्र ओळख झालेली असेल तर सांगता येते. कुणी पाडले, केव्हा पाडले, कुणी बांधले, यासाठी मात्र कागद लागतो. मोडक्या नाकावर साल कोरलेले नसते. पाहिलेले, ताडलेले आणि ऐकलेले यांच्यासाठी वहीत तीन वेगळे रकाने करायला सांगणारा प्राध्यापक मिळाला, तर ती क्षेत्रभेट सार्थकी लागली. नाहीतर सहलीचा एक फोटो तेवढा स्टेटसला राहतो.

इथे एक शंका हमखास येते. घरातल्या माणसांना तर येतेच. पोराने असले प्रश्न विचारायला लागायचे म्हणजे उद्या तो दिंडीत चालायचा की नाही? भांडारकरांकडेच पाहावे. नामदेवांचा काळ शंभर वर्षांनी पुढे ओढणारा हा माणूस प्रार्थना समाजाचा आधारस्तंभ होता आणि तुकोबांच्या अभंगांवर निरूपण करत होता. नामदेव कोणत्या साली जन्मले याचा निकाल लागला नाही म्हणून परतवारीची गर्दी एका माणसाने कमी होत नाही. उलट, अभंग कुणी जपले, कोणत्या वहीत जपले, कोणत्या जातींच्या कीर्तनकारांनी ते पुढे नेले, हे कळले की संत एकटा राहत नाही. त्याच्या मागे चारशे-पाचशे वर्षांची माणसे उभी दिसू लागतात. अमेरिकी अभ्यासक ख्रिश्चन ली नोव्हेट्स्की यांनी २००८ साली नामदेवांवर आख्खा ग्रंथ लिहिला, तो मुख्यतः याच विषयावर, म्हणजे समाज नामदेवांची आठवण कशी जागती ठेवतो यावर आहे. न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या पुस्तकाचा विषय नरसीच्या पारावर बसलेला असतो.

अभ्यासक्रम काळाचे तुकडे पाडतो, तेही नामदेवांच्या आयुष्यावर तपासून पाहण्यासारखे आहे. परंपरेची सालेच धरली तर ते जन्मले त्याच्या पुढच्याच वर्षी रामदेवराव यादव देवगिरीच्या गादीवर आला. ते पंचविशीत असताना, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खलजीने देवगिरी लुटली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने तिचे दौलताबाद करून राजधानी तिथे आणली. १३४७ मध्ये बहमनी राज्य सुरू झाले. एका माणसाच्या ऐंशी वर्षांत चार सत्ता. आपल्या पुस्तकांत यादव एका प्रकरणात संपतात, बहमनी दुसऱ्यात सुरू होतात, आणि संत तिसऱ्याच प्रकरणात, 'सामाजिक व धार्मिक स्थिती' या मथळ्याखाली, हवेत तरंगत राहतात.

पुन्हा कराडच्या प्रश्नाकडे. जुन्या अभ्यासकांना नरसी साताऱ्यातच का सापडली? एक शक्यता अशी की ते बहुतेक पुण्या-मुंबईचे होते आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, पण पुण्याच्या संशोधकाच्या नकाशावर हा मुलूख पुसटच होता. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात निघाले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी दप्तरे हुडकत पायपीट केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड उभे राहिले. मराठवाड्याच्या वाट्याला तसा राजवाडे आला नाही. हे अर्थात अनुमान आहे आणि नरसीचा दावा त्याने सिद्ध होत नाही. परंपरा ज्यांना नामदेवांचे गुरू मानते त्या विसोबा खेचरांचे औंढा जवळ असणे हाही आधारच, पुरावा नव्हे. पण पुस्तक लिहिणारा कुठे बसून लिहितो, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने लवकर विचारायला शिकावे.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला इतिहास शिकायचा असेल तर कुठे जावे लागे, हीही एक गोष्टच आहे. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी घरातला मुलगा पदवीला इतिहास उर्दूतून वाचायचा. त्यात अन्याय होता, आणि त्याविरुद्धचा राग मुक्तिसंग्रामात उतरला. पण त्याच व्यवस्थेतून सेतुमाधवराव पगडी निघाले. निलंग्याचा हा माणूस उर्दू-फारसीत असा मुरला की मोगल दरबारची बातमीपत्रे त्याने मराठीत आणली आणि शिवकालाकडे शत्रूच्या कचेरीतून पाहण्याची सोय झाली. पुढे १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ, १९९४ साली नांदेडचे विद्यापीठ. माध्यम घरचे झाले, ही मोठी कमाई. फारसी-उर्दू वाचणारे मात्र आटत गेले.

पीपल्स कॉलेजचे नाव निघाले की नरहर कुरुंदकर आलेच. त्यांचा जन्म १९३२ सालचा, आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नांदापूरचा. ते मराठीचे प्राध्यापक. इतिहासाची पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि परीक्षांशी त्यांचे सुरुवातीला अजिबात जमले नाही. तरीही १९६८ च्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून छापलेले रणजित देसाईंना लिहिलेले त्यांचे पत्र बी.ए.च्या पहिल्याच महिन्यात वाचायला द्यावे. शिवाजी महाराजांविषयी कोणती गोष्ट कोणत्या कागदावर उभी आहे, कोणती बखर कितपत धरावी, दंतकथा कुठे शिरली, हे एक माणूस कादंबरीकाराला समजावून सांगतो आहे, आणि आदर तसूभरही कमी होत नाही. इतिहासलेखनशास्त्राच्या पेपरात बाह्यांग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण असे दोन रुक्ष मथळे असतात. ते करतात कसे, हे इथे दिसते.

कागद वाचता येणे ही केवळ पंडितांची चैन आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्याने गेली काही वर्षे आठवावीत. मराठा-कुणबी नोंदींच्या प्रश्नावर सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पाहणीपत्रके, गावनमुने, शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर निघाली. काही मोडीत, काही उर्दूत. तहसील कार्यालयांपासून घराघरांपर्यंत एकच शोधाशोध: मोडी वाचणारा कुणी आहे का? हैदराबाद गॅझेटिअरचा आधार मानणाऱ्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर गॅझेटिअर हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. आरक्षणाविषयी कुणाचे काहीही मत असो, शंभर वर्षांपूर्वीच्या शिरस्तेदाराने एका रकान्यात काय लिहिले यावर आजच्या माणसाचा दाखला अडतो किंवा निघतो, हे साऱ्या मराठवाड्याने पाहिले. गॅझेटिअर कुणी, कशासाठी आणि कुणाला विचारून लिहिले, हे प्रश्न विचारायला इतिहासाचे विद्यार्थी पुढे यायला हवे होते. फारसे आले नाहीत.

दुसरा जिवंत विषय १९४८ चा. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन होते, भाषणे होतात. रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प, त्यांनी केलेली ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेची लूट हे सगळे सांगितले जाते आणि सांगायलाच हवे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली होती आणि तिचा अहवाल कित्येक दशके प्रकाशित झाला नाही, हे मात्र त्या भाषणांत येत नाही. विद्यार्थ्याने दोन्ही वाचावे आणि गावात दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांशी बोलावे. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या सत्रावर ढकलता येणारे नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला आणि त्यात क्षेत्र प्रकल्पाला जागा मिळाली. ती जागा इंटरनेटवरून उतरवलेल्या वीस पानांनीही भरता येते, भरली जातेही. पण विषय शोधत हिंडायची पाळी निदान या जिल्ह्यावर नाही. नरसीला येणाऱ्या पंजाबी भाविकांना नामदेवांच्या कोणत्या कथा माहीत आहेत आणि इथल्या कीर्तनकाराला कोणत्या, एवढेच परतवारीच्या आठवड्यात विचारून लिहून काढले तरी चांगला प्रकल्प होतो. बोलणाऱ्याचे वय, गाव, कथा कुणाकडून ऐकली हे लिहावे, आणि परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. घरात जुनी खरेदीखते असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवावेत, आणि पुराभिलेख विभागाचा मोडीचा वर्ग निघाला की नाव घालावे. सुरुवातीला एक ओळ लावायला अख्खी दुपार जाते. आजोबांच्या आजोबांनी कोणत्या सावकाराकडे किती बिघे गहाण टाकले होते, हे त्या दुपारी कळण्याची शक्यता असते, आणि घरातले सगळे मग भोवती येऊन बसतात.